गाडी घसरते कशी, उडते कशी, उलटते कशी

'बुलिट' या अमेरिकन चित्रपटातला पाठलाग सुरू होतो तो सीटबेल्टने. सॅन फ्रान्सिस्कोत दोन मारेकरी काळ्या डॉज चार्जरमधून एका पोलिसाच्या हिरव्या मस्टँगचा माग काढत असतात आणि मस्टँग अचानक दिसेनाशी होते. चार्जर चालवणारा चष्मेवाला इकडेतिकडे बघतो. मग त्याच्याच आरशात, मागच्या चढावरून, तीच मस्टँग सावकाश वर येते. आता कोण कोणाच्या मागे आहे हे दोघांनाही कळलेलं असतं. चष्मेवाला काही बोलत नाही. कमरेचा पट्टा ओढतो, अडकवतो आणि पुढच्या क्षणी टायर किंचाळतात. लालो शिफ्रिनचं संगीत तिथेच थांबतं. पुढे कित्येक मिनिटं फक्त इंजिनं, टायर आणि आपटणारा पत्रा ऐकू येतो.

चित्रपट १९६८चा. गाड्यांचे पाठलाग त्याआधीही होते, अगदी मूकपटांच्या काळापासून. पण नटाने स्टुडिओत उभ्या असलेल्या गाडीत बसून स्टिअरिंग हलवायचं आणि काचेमागच्या पडद्यावर रस्त्याचं चित्रण पळवायचं, ही तेव्हाची सर्रास पद्धत. दिग्दर्शक पीटर येट्स आणि नायक स्टीव्ह मॅक्वीन यांनी खऱ्या शहरात, खऱ्या वेगात काम करायचं ठरवलं. गाड्या काही ठिकाणी ताशी १७५ किलोमीटरच्या वर गेल्या. हा आकडा नेहमी सांगितला जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सगळी जादू त्यातच आहे. मला तसं वाटत नाही. सरळ रस्त्यावर गाडी १७५ला नेण्याचं काम इंजिन करतं. स्टंट ड्रायव्हरचं काम वळणावर सुरू होतं आणि तिथे वेगापेक्षा महत्त्वाचं असतं ते वजन. कोणत्या क्षणी गाडीचं वजन कोणत्या चाकावर आहे, हे ज्याच्या अंगात मुरलेलं असतं त्यालाच हे जमतं.

वजन सरकतं म्हणजे काय

दीड टनाची गाडी रस्त्याला फक्त चार जागी टेकलेली असते आणि प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी. वेग घेणं, थांबणं, वळणं, सगळं या चार तुकड्यांच्या पकडीवर चालतं. ज्या चाकावर भार जास्त, त्याची पकड जास्त. आता हा भार एका जागी बसून राहत नाही. घाटात एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढच्याच्या पाठीवर जाऊन पडतात. गाडीचं स्वतःचं वजनही तसंच पुढे जातं. नाक खाली बसतं, पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात आणि मागची चाकं हलकी पडतात. ॲक्सिलरेटर दाबला की उलट होतं. डावीकडे वळलं की भार उजव्या बाजूला जातो.

दुसरी गोष्ट जाम झालेल्या चाकाची. फिरणाऱ्या चाकाला दिशा असते. ते पुढे सहज जातं, पण बाजूला सरकायला विरोध करतं. ब्रेकने जाम झालेल्या चाकाला दिशा उरत नाही, ते जिकडे ढकलाल तिकडे घसरतं.

हँडब्रेक टर्न या दोन गोष्टींतून होतो. ड्रायव्हर वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडतो किंवा ब्रेकला हलका पाय लावतो. भार पुढे गेला. मग स्टिअरिंग झटक्यात फिरवतो आणि त्याच वेळी हँडब्रेक ओढतो. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. ती आधीच हलकी होती, आता जामही झाली. पुढची चाकं आत खेचतात, मागचा भाग बाहेरून भोवती फिरतो आणि गाडीचं तोंड आल्या वाटेकडे होतं. स्टंटच्या गाड्यांमधल्या हँडब्रेकची खाच काढून टाकलेली असते, म्हणजे हात सोडला की तो आपोआप सुटतो. तो अर्धा सेकंद जरी जास्त ओढलेला राहिला तरी गाडी ठरलेल्या कोनापुढे फिरते.

'जे टर्न' त्याहून देखणा. गाडी रिव्हर्समध्ये जोरात मागे येते, जागच्या जागी गर्रकन फिरते आणि त्याच दिशेने पुढे पळत सुटते. रिव्हर्समध्ये जाताना वळणारी चाकं प्रवासाच्या दिशेने शेवटी असतात आणि इंजिनाचं वजनही तिकडेच असतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की जड नाक बाहेर फेकलं जातं. गाडी आडवी झाली की गिअर पुढचा टाकायचा, स्टिअरिंग सरळ करायचं आणि नाक समोर येईपर्यंत पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर. सत्तरच्या दशकातल्या 'द रॉकफर्ड फाइल्स' या अमेरिकन मालिकेत जेम्स गार्नर हे इतक्या वेळा करायचा की तिकडे या वळणाला रॉकफर्डचंच नाव पडलं.

त्या काळच्या अमेरिकन गाड्या या कामाला सोयीच्या होत्या, कारण इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळायचा. वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला की मागची चाकं जोरात फिरून पकड सोडतात, शेपूट बाहेर येतं आणि पुढची चाकं उलट दिशेला वळवून ती घसरण हवी तितका वेळ धरून ठेवता येते. आपल्याकडच्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडर याच जातीच्या. मारुती ८००पासून पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या घरोघरी आल्या. अशा गाडीत शेपूट ॲक्सिलरेटरने बाहेर काढता येत नाही, त्यासाठी हँडब्रेकच लागतो. १९६९च्या 'द इटालियन जॉब'मधल्या छोट्या मिनी गाड्या याच प्रकारच्या. फ्रेंच स्टंट ड्रायव्हर रेमी ज्युलिएन आणि त्याच्या माणसांनी तुरीन शहरात त्या जिन्यांवरून, आर्केडमधून, शेवटी फियाटच्या कारखान्याच्या छपरांवरून नेल्या. तिथे घसरण कमी, नेमकेपणा जास्त. दाराच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून गाडी काढायची, तीही तीन गाड्यांनी एकामागे एक. मला त्यातलं कसब मोठ्या अमेरिकन गाड्यांच्या धुराळ्यापेक्षा अवघड वाटतं, पण टाळ्या नेहमी धुराळ्याला पडतात.

पडद्यावर शोरूममधली दिसणारी गाडी आतून वेगळीच असते. छताखाली जाड नळ्यांचा पिंजरा, पाच ठिकाणी बांधणारा पट्टा, मूळ टाकी काढून बसवलेली लहान सुरक्षित टाकी. एअरबॅग काढलेल्या, नाहीतर पहिल्याच धक्क्याला त्या ड्रायव्हरच्या तोंडावर फुटतील. आजच्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही बंद करावी लागते, कारण जे घडवायचं आहे तेच घडू न देण्यासाठी ती बसवलेली असते. मागच्या टायरांत हवा जास्त भरतात, म्हणजे ते लवकर सुटतात. रात्रीच्या दृश्यात रस्ता ओला दिसतो तो दिव्यांच्या प्रतिबिंबासाठी, पण ओल्या रस्त्यावर गाडी कमी वेगातही घसरते, हाही फायदा असतो.

हवेत जाणं

'बुलिट'मधल्या मस्टँगचं सस्पेन्शन रेसिंगच्या गाड्या बांधणाऱ्या मॅक्स बाल्चोव्स्कीने आधीच बळकट केलं होतं. ते लागणारच होतं. सॅन फ्रान्सिस्कोचे उतार सलग नाहीत. तीव्र उतार, मग चौकात सपाट तुकडा, मग पुन्हा उतार. वेगात आलेली गाडी सपाट तुकड्याच्या कडेवरून सुटते तेव्हा खालचा रस्ता तिच्याखालून निघून जातो. हे शहर उडीला दोन्हीकडून मदत करतं. रॅम्प बांधावा लागत नाही आणि गाडी खाली येते ती उतारावर, म्हणजे तिच्या पडण्याची दिशा आणि रस्त्याची दिशा बरीचशी जुळते. सपाट जमिनीवर तीच उडी फार जोरात आदळली असती.

साध्या रॅम्पवरून उडी मारायची असेल तर वेगातला थोडासा फरकही केवढा पडतो, हे शाळेतल्या गणितावरून दिसतं. दहा अंशांच्या रॅम्पवरून ताशी ६० किलोमीटरने सुटलेली गाडी, हवेचा विरोध सोडून दिला तर, साधारण १० मीटर जाते. ताशी ८०ने सुटली तर १७ मीटरच्या वर. वेग एकतृतीयांश वाढला आणि अंतर पाऊणपट वाढलं. उतरायचा रॅम्प बारा मीटरवर असेल तर दोन्ही वेग चुकीचे. स्पीडोमीटरच्या काट्यावर म्हणूनच विसंबत नाहीत, आधी वेग तपासून घेतात आणि तो हातापायांत बसेपर्यंत सराव करतात.

उडताना गाडीचं नाक खाली का जातं? इंजिन जड म्हणून, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. हवेत गेल्यावर जड भाग लवकर पडतो असं काही नसतं. घडतं ते रॅम्पच्या टोकाला. पुढची चाकं टोक ओलांडून मोकळी होतात, मागची अजून रॅम्पवर टेकलेली असतात. वजन पुढे असलेल्या गाडीचा भार त्या क्षणी टोकाबाहेर लटकतो, नाक खाली वळायला लागतं आणि एकदा मिळालेलं ते वळण हवेत थांबत नाही. म्हणून डिकीत वजन भरतात, म्हणजे भाराचा मध्य मागे येतो.

या हिशेबाची कमाल झाली १९७४च्या बॉण्डपटात, 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये. थायलंडमधल्या एका कालव्यावरच्या मोडक्या पुलावरून लाल एएमसी हॉर्नेट उडते, हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चाकांवर उतरते. त्यामागे बफेलोच्या कॉर्नेल एअरोनॉटिकल लॅबोरेटरीत अपघातांच्या अभ्यासासाठी बनवलेला संगणक प्रोग्रॅम होता. गाडीचं वजन, वेग, रॅम्पचा पीळ, सगळं त्यातून काढलं. वजन दोन्ही बाजूंना सारखं पडावं म्हणून ड्रायव्हरला गाडीच्या मधोमध बसवलं. उडी एका टेकमध्ये जमली. मग संपादनात तिच्यावर शिट्टीसारखा विनोदी आवाज चढवला आणि एवढी अचाट गोष्ट कार्टूनसारखी वाटायला लागली. त्या आवाजाचा मला अजून राग येतो.

उलटणं, आणि त्यातून जिवंत निघणं

गाडी उलटवायची जुनी युक्ती म्हणजे एका बाजूच्या चाकांखाली तिरका रॅम्प. पण तो कॅमेऱ्याला दिसता कामा नये, झाडामागे किंवा उभ्या गाडीमागे लपवावा लागतो. जॉन वेनच्या 'मॅकक्यू'मध्ये (१९७४) पाठलाग समुद्रकिनाऱ्यावर होता. मोकळ्या वाळूत रॅम्प लपवणार कुठे? स्टंट दिग्दर्शक हॅल नीडहॅमने गाडीच्या तळाला तोंड खाली करून एक लोखंडी नळकांडं बसवलं, त्यात लाकडी ओंडका घातला आणि मागे स्फोटाची दारू ठासली. बार उडाला की ओंडका जमिनीवर आदळतो आणि गाडीची एक बाजू वर फेकली जाते. चाचणीत ही स्फोटाची दारू जास्त भरली गेली. नीडहॅमची पाठ आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला छिद्र पडलं. चित्रपटातली गिरकी मग गॅरी मॅकलार्टीने घेतली. आता दारूऐवजी दाबाखालचा नायट्रोजन वापरतात. २००६च्या 'कसिनो रॉयाल'मध्ये ॲडम कर्लीने याच तंत्राने ॲस्टन मार्टिनला सात कोलांट्या मारायला लावल्या आणि गिनीज बुकात गेला.

सात कोलांट्या खाऊन माणूस चालत बाहेर येतो, मग भिंतीवर आदळलेल्या गाडीतला का येत नाही? प्रश्न वेग किती अंतरात संपतो याचा आहे. ताशी ८०ने जाणारी गाडी भिंतीवर आदळून अर्ध्या मीटरच्या चुराड्यात थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या पन्नासपट जोर येतो. तोच वेग लोळत लोळत ४० मीटरमध्ये संपला तर सरासरी वजनाच्या दोनतृतीयांशापेक्षाही कमी. मधले धक्के अर्थातच मोठे असतात, पण ते सोसायला पिंजरा आणि पट्टा आहेत. बघायला जे भयंकर, ते बरेचदा त्यातल्या त्यात सुरक्षित. स्टंटवाले सगळ्यात जास्त घाबरतात ते दुसऱ्या गाडीशी वेळ चुकण्याला.

कॅमेरा किती खोटं बोलतो

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी दिसतो. चित्रण करताना १८ चौकटीच घेतल्या आणि २४ने दाखवल्या, तर ताशी ६०ची गाडी ८०ची वाटते. युक्ती जुनी आणि स्वस्त. पण तिची एक खूण राहते, रस्त्यावरची माणसं तुरुतुरु चालतात आणि गाडीचे हेलकावे कमी वजनाच्या खेळण्यासारखे दिसतात. येट्सने 'बुलिट'मध्ये ती टाळली, म्हणून मस्टँग उतारावर आदळते तेव्हा तिचं वजन जाणवतं. लेन्सची निवडही काम करते. रस्त्यापासून वीतभर उंचीवर लावलेल्या रुंद लेन्ससमोर डांबर झपाट्याने पळतं. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये दोन गाड्यांमधलं अंतर चिरडल्यासारखं दिसतं, खरं तर मधे भरपूर जागा असते.

संपादनातल्या गमती शोधायच्या असतील तर 'बुलिट' खाण आहे. एकच प्रसंग अनेक कॅमेऱ्यांतून घेऊन सलग जोडल्यामुळे तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल मस्टँगला पुन्हापुन्हा भेटते. चार्जरच्या चाकांवरून चारापेक्षा जास्त टोप्या, म्हणजे हबकॅप, उडतात. मस्टँगचा आतला आरसा खाली असून त्यात मॅक्वीन दिसत असेल तर तो स्वतः चालवतोय, आरसा वर असेल तर त्याचा बदली स्टंट ड्रायव्हर बड एकिन्स. मॅक्वीन चांगला ड्रायव्हर होता यात शंका नाही, पण अवघड उतार एकिन्सने केले. चार्जरमध्ये मात्र बदली माणूस लागलाच नाही. तो पट्टा लावणारा चष्मेवाला स्वतःच स्टंट ड्रायव्हर, बिल हिकमन. नट जेम्स डीनचा हा मित्र. १९५५ साली डीनचा अपघात झाला तेव्हा हिकमन मागच्या गाडीतून येत होता.

तीन वर्षांनी 'द फ्रेंच कनेक्शन'मध्ये (१९७१) ब्रुकलिनच्या उन्नत रेल्वेखालून पळणाऱ्या पाँटिॲक गाडीच्या अवघड भागांतही हिकमनच होता. वर ट्रेनमध्ये मारेकरी, खाली खांबांमधून गाडी. बराचसा भाग ठरवून, रहदारी रोखून केलेला. पण एक सलग दौड तशीच, उघड्या रस्त्यावर घेतली. छतावर पोलिसी दिवा, स्टिअरिंगवर हिकमन, वेग ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास. मागच्या सीटवर कॅमेरा धरून दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन स्वतः बसला होता, कारण कॅमेऱ्यावरच्या माणसांना बायकामुलं होती आणि त्याला नव्हती. हे बेजबाबदारपणाचं होतं, पुन्हा असं करणार नाही, असं त्याने नंतर अनेकदा सांगितलं. ते खरंच आहे. रस्त्यावरच्या लोकांनी कुठे होकार दिला होता? त्या दृश्यातली धडकी अस्सल वाटते ती का, हे कळल्यावर ते पूर्वीसारखं मजेत बघता येत नाही, निदान मला तरी.

अस्सल भीती सुरक्षितपणे मिळवायची एक रीत दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमरने 'रोनिन'मध्ये (१९९८) वापरली. फ्रान्समध्ये ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याने उजव्या स्टिअरिंगच्या, म्हणजे आपल्याकडच्यासारख्या, गाड्या आणल्या आणि डावीकडे खोटं स्टिअरिंग बसवलं. रॉबर्ट डी नीरो डावीकडे बसून ते फिरवतो, गाडी प्रत्यक्षात चालवतो उजवीकडचा स्टंट ड्रायव्हर. वेग खरा असल्याने चेहऱ्यावरचे भावही बरेचसे खरेच. अलीकडे ड्रायव्हरला छपरावरच्या पिंजऱ्यात बसवतात आणि नट खाली मोकळा राहतो. कॅमेराही आता शेजारच्या गाडीच्या छतावरच्या लांब यांत्रिक हातावर फिरतो. हा हात बनवणाऱ्या युक्रेनच्या अनातोली कोकुश यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार २००६ सालीच मिळाला.

गाड्यांची किंमत तर भलतीच झाली. 'बुलिट'मधली एक मस्टँग १९७४ साली एका कुटुंबाने ६,००० डॉलरला घेऊन रोजच्या वापराला लावली होती. जानेवारी २०२०मध्ये लिलावात ती फीसह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. चालवणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. 'बुलिट' आणि 'द फ्रेंच कनेक्शन' या दोन्ही चित्रपटांना संपादनाचं ऑस्कर मिळालं आणि त्यात या पाठलागांचा वाटा मोठा होता. ज्यांनी ते चित्रण गाडी चालवून मिळवून दिलं त्यांच्यासाठी मात्र विभागच नव्हता. हिकमन १९८६ साली वारला. नीडहॅमला २०१२मध्ये मानद ऑस्कर मिळालं, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. एप्रिल २०२५मध्ये अकादमीने स्टंट डिझाइनसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. २०२७मध्ये प्रदर्शित होणारे चित्रपट त्याला पात्र ठरतील आणि पहिला पुरस्कार २०२८च्या शंभराव्या सोहळ्यात दिला जाईल.